निगा राखलेले रिव्हॉल्व्हर

वर्ष संपत आले होते, वार रविवार होता आणि सकाळची उन्हे नुकती कुठे रस्त्यावर उतरली होती. स्थळ म्हणाल, तर चष्मेवाल्याचे दुकान आणि टोप्यांचे दुकान यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली, बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत दुकान होते, मागच्या खोलीत शिवणयंत्र होते आणि दोहोंच्या मध्ये एक दार होते. ते दार कारागिराच्या बायकोने लग्न होऊन आल्यापासून एकदाही पूर्ण लावलेले नव्हते. पुढे काय चालले आहे हे कानावर पडले नाही, तर तिचा टाका चुकत असे.

दुकानाच्या भिंतीवर, अगदी समोर, एक पाटी होती. ती कारागिराने स्वतः रंगवली होती आणि अक्षरे एकाच उंचीची यावीत म्हणून तीनदा पुसून पुन्हा काढली होती. पाटीवर लिहिले होते : ‘तपासणी चालू असता कोणीही बोलू नये.’ हा नियम गिऱ्हाइकाची प्रतिष्ठा पाहत नसे. एका निवृत्त न्यायाधीशाला याच पाटीखाली ओठ मिटून बसावे लागले होते. एकदा घरमालक छत गळते आहे हे सांगायला धावत आला, तर त्यालाही कारागिराने बोट ओठांवर ठेवून गप्प केले. तपासणी यथासांग पार पडली, छतही यथासांग गळत राहिले, आणि ज्या बंदुकीची तपासणी चालू होती तिच्यावरच शेवटी पाण्याची धार लागली. परंतु नियम मोडला नाही, एवढे समाधान उरले.

कारागिराचा सिद्धांत असा होता, की शस्त्रातील दोष हुशारीने सापडत नाही, क्रमाने सापडतो. हुशार मनुष्य आधी जिथे दोष असेल असे त्याला वाटते तिथे पाहतो, आणि तो तिथे सापडला की खूश होऊन थांबतो. खरा दोष बापडा दुसरीकडे निवांत असतो. म्हणून क्रम. आधी गोळ्यांची घरे रिकामी आहेत हे डोळ्याने पाहायचे आणि मग करंगळीने चाचपायचे. मग सांगाडा, मग नळी, मग गोळ्यांची घरे असलेले फिरते सिलिंडर, आणि सर्वांत शेवटी चाप आणि गोळीवर आपटणारा घोडा. एक पायरी पूर्ण होऊन तिचा निष्कर्ष दाखल्यावर लिहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आणि या साऱ्या काळात मौन, कारण जीभ चालू लागली की डोळा आळशी होतो. हे शेवटचे वाक्य तो इतक्या वेळा बोलला होता, की त्याच्या मौनव्रताविषयी गावात सर्वांना त्याच्याच तोंडून माहिती होती.

अशा या निर्दोष व्यवस्थेत एकच भोक होते, आणि ते म्हणजे त्याचा मेहुणा.

मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, एका मोठ्या हॉटेलात जन्मभर व्यवस्थापक होता. काटे, चमचे, सुऱ्या, तबके आणि दारांच्या मुठी चकचकीत ठेवणे हे त्याचे खाते. चमच्याच्या पाठीत स्वतःचा चेहरा दिसला नाही, तर तो वाढप्याला आपला रागावलेला चेहरा दाखवीत असे. नोकरांनी त्याचे नाव ‘लखलखसाहेब’ ठेवले होते. ही थट्टा आहे हे न समजल्यामुळे त्याने ते आनंदाने स्वीकारले, आणि निवृत्त झाल्यावरही घरच्यांनी तेच चालू ठेवले. निवृत्तीनंतर चमकवायला हॉटेल उरले नाही, म्हणून साहेबांनी घराकडे मोर्चा वळवला. नळ झाले, कड्या झाल्या, शेजाऱ्याची सायकल झाली. आणि मग, या गोष्टीपुरते बोलायचे तर दुर्दैवाने, एक रिव्हॉल्व्हर त्यांच्या हाती लागले.

त्यालाही कारण होते. साहेबांच्या मुलीने मौल्यवान माल वाहून नेणाऱ्या एका कंपनीत गाडीवरची रक्षक म्हणून नोकरी धरली होती. बापाने विरोधाचे सगळे मुद्दे मांडले, आणि मुलीने ते सगळे शांतपणे ऐकून घेऊन नेमणूकपत्रावर सही केली. वादात हरलेला बाप मग जे करतो तेच साहेबांनी केले : ती जर जाणारच असेल, तर निदान नीट जावी, या खटपटीला लागले. कंपनीचे शस्त्र जुने, पोलादी आणि विटेसारखे जड होते. ते दिवसभर कमरेला बांधून पोरीची कंबर धरेल, या काळजीने त्यांना झोप येईना. कंपनीचा नियम असा होता, की रक्षकाने स्वतःचे शस्त्र आणले तरी चालेल, परवाना त्याच्या नावावर हवा आणि परवानाधारक कारागिराचा तंदुरुस्तीचा दाखला हवा. साहेबांनी शोध शोध शोधून एका दिवंगत अधिकाऱ्याच्या घरून एक वापरलेले, पाच गोळ्यांचे, हलक्या मिश्रधातूच्या सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर पैदा केले. कागदपत्रे रीतसर मुलीच्या नावावर झाली. पोरीची पहिली फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. राहिला होता तो दाखला, आणि दाखला देणारा अख्ख्या गावात एकच, जावईबापू.

“काय जावईबापू, उठलात का?” साहेब उंबऱ्यातूनच म्हणाले. इतकी वर्षे होऊनही ते बहिणीच्या नवऱ्याला जावईबापूच म्हणत आणि त्यात ‘बापू’ हा भाग जरा जास्तच गोड असे. त्यांच्या मागून मुलगी आली. तिच्या हातात कागदांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर दोन वडीलधाऱ्यांच्या मध्ये वाढलेल्या माणसाची सहनशीलता होती.

“या दादासाहेब,” कारागीर म्हणाला. “पाटी वाचा आणि बसा.”

“पाटी मला पाठ आहे. तुम्हीच एकदा वाचा.”

“आत्या, चहा टाकतेस का?” मुलगी मधल्या दाराकडे पाहून म्हणाली. सलामी झडली होती आणि पुढे काय होणार हे तिला ठाऊक होते.

“टाकलाय कधीच,” आतून उत्तर आले. “दादाचा आवाज चौकातच ऐकू आला मला.”

साहेबांनी खिशातून एक चामडी पाकीट काढले आणि त्यातून रिव्हॉल्व्हर बाहेर घेतले. ते खरोखरच लखलखत होते. खिडकीतून आलेले ऊन त्यावर पडले आणि तिथून उडून सरळ कारागिराच्या डोळ्यांत गेले. साहेबांनी सिलिंडर बाजूला काढून पाचही घरे रिकामी असल्याचे दाखवले, इथवर सगळे ठीक होते. पण मग त्यांनी मनगटाला एक झोकदार झटका दिला. सिलिंडर ‘खट्ट’ करून आत जाऊन बसले, आणि साहेबांनी टाळ्यांची वाट पाहावी तसे सर्वांकडे पाहिले.

कारागिराच्या तोंडून जो आवाज निघाला, तो पाटीच्या नियमाखाली येत नव्हता, कारण तपासणी अजून सुरू झालेली नव्हती.

“अहो! अहो, काय करताय काय! दार आपटतात तसं? ते सिलिंडर एका बारीक दांडीवर लटकलेलं असतं. सिनेमातला नट झटका देतो, कारण त्याला ते दुसऱ्या दिवशी वापरायचं नसतं!”

“रोज देतो मी. काही झालं नाही.”

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ. सराव नको का?”

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “मी त्यांना सांगितलं होतं.”

“हिला काय कळतंय,” साहेब म्हणाले. उद्यापासून ते शस्त्र हिच्याच कमरेला लागणार होते, हे लक्षात घेता हे मत थोडे घाईचे होते.

कारागिराने दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर घेतले, नळीचे तोंड वाळू भरलेल्या पेटीकडे वळवले आणि अंगठ्याने आधार देऊन सिलिंडर अलगद उघडले. पाच घरे डोळ्याने पाहिली, पाच घरे करंगळीने चाचपली. छापील दाखला समोर ओढला, दिवा जवळ घेतला. तपासणी सुरू झाली. खोलीत शांतता पसरली आणि आतले शिवणयंत्रसुद्धा थांबले.

पहिली पायरी सांगाडा. हलक्या शस्त्रात सांगाडा हेच पाहण्याचे ठिकाण, हे कारागिराइतके कोणालाच ठाऊक नव्हते. नळी पोलादाची असते आणि ती हलक्या धातूच्या सांगाड्यात आट्यांनी पिळून बसवलेली असते. सिलिंडर बाहेर काढले, की नळीच्या मागच्या टोकाखाली सांगाड्याचा एक पातळ पूल दिसतो. बळकट धातू दुबळ्या धातूला जिथे रेटतो, ती ही जागा. घरात काय आणि यंत्रात काय, तडा जातो तो अशाच ठिकाणी. कारागिराने दिवा वाकवला, भिंग डोळ्याशी नेले आणि नेमके तिथेच पाहिले.

तिथे एक पांढरी रेघ होती. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक आणि नळीच्याच दिशेने गेलेली.

इथे जर मेहुणा समोर नसता, तर कारागिराने चिंधी घेऊन ती रेघ पुसून पाहिली असती. तोच क्रम होता. परंतु मेहुणा समोर होता, आणि तोही गुडघ्यावर हात ठेवून, आता याच्याकडून प्रशस्ती ऐकायची अशा थाटात बसलेला. कारागिराने पांढरी रेघ पाहिली आणि त्याला तिच्यात तडा दिसला नाही, मेहुण्याचा पराभव दिसला.

“दादासाहेब,” तो भिंग खाली ठेवून म्हणाला, आणि आपण पाटीखाली बसून बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही, “हे कशानं घासलंत?”

“आमच्या हॉटेलचं पॉलिश. पांढरं, डबीतलं. चांदीला चालतं, पितळेला चालतं, काचेलासुद्धा चालतं.”

“आणि याला चालत नाही! या धातूवर वरून एक कवच चढवलेलं असतं. तेच त्याचं संरक्षण. तुम्ही ते घासून काढलंत. हा लखलखाट नाही दादासाहेब, ही साल काढलीय तुम्ही.”

“मळकट काळं होतं ते. अवतार बघवत नव्हता.”

“अहो, ते काळंच असतं! आणि हे बघा, इथं बघा, खाचेखाचेत पॉलिश वाळून बसलंय. पांढरी रेघ दिसतेय? ही तुमची निगा!”

साहेब पुढे वाकले आणि चष्म्याच्या वरून पाहू लागले. पांढरी रेघ त्यांनाही दिसली. त्यांनाही तिच्यात तडा दिसला नाही. त्यांना दिसला तो जावयाचा खवचटपणा.

“एवढीशी रेघ! बोटभर शस्त्रात सुतभर पॉलिश राहिलं, त्याचा केवढा बाऊ! आमच्या हॉटेलात तीनशे काटे रोज घासले जायचे, एकेका दातात असं काही राहायचंच.”

“काट्यानं कुणी गोळी झाडत नाही!”

“त्यानं गिऱ्हाइकं दात कोरायची, तरी कुणाला काही झालं नाही.”

“पाटी काय शोभेला लावलीय का?” आतून आत्याबाईंचा आवाज आला. “इतरांसाठी नियम आणि घरच्यांसाठी कीर्तन!”

कारागीर वरमला. पण वरमलेला मनुष्य बहुधा गडबडीत पुढची पायरी गाठतो, आणि त्यानेही तेच केले. दाखल्यावर ‘सांगाडा’ या शब्दापुढे त्याने आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिले : ‘दोष नाही. पॉलिश साचलेले.’ ‘साचलेले’ हा शब्द लिहिताना त्याला जे सुख झाले, त्या सुखातच त्याचा डोळा मिटला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आता सुरू झाला.

यापुढची तपासणी मात्र इतकी काटेकोर झाली, की शिकाऊ कारागिरांना बोलावून दाखवावी. नळीच्या मागे पांढरा कागद धरून त्याने आतल्या पिळदार खाचा पाहिल्या, त्या स्वच्छ निघाल्या. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढला आणि प्रत्येक घर नळीच्या रेषेत येऊन जागच्या जागी अडकते की नाही हे पाहिले. पाचांपैकी चार वेळेवर अडकली, पाचवे किंचित उशिरा. ही मनगटाच्या झटक्याची देणगी. नळी आणि सिलिंडर यांमधल्या फटीत त्याने केसाएवढ्या पातळ पोलादी पट्ट्या एकेक करून सरकवल्या. फट एका बाजूला थोडी जास्त होती, तीही झटक्याचीच. चालण्याजोगे सारे होते, दुरुस्त होण्याजोगे तर होतेच. परंतु प्रत्येक बारीक दोष सापडला, की कारागीर तो मोठ्याने वाचून दाखवी आणि साहेब तो मोठ्याने फेटाळीत. ही नवी कार्यपद्धती दोघांनाही इतकी मानवली, की तपासणी हे तिचे निमित्त तेवढे उरले.

“तेल केवढं घातलंय हे! निथळतंय!”

“तुम्हीच म्हणायचात, तेल हवं.”

“थेंब हवा, दादासाहेब, थेंब! एवढं तेल गोळ्यांच्या बुडात शिरलं, की गोळ्या मरतात. ऐन वेळी चाप ओढायचा आणि नुसतं ‘टक्’ ऐकायचं.”

“गोळ्यांना मी हातसुद्धा लावलेला नाही. त्या मी वेगळ्या डबीत ठेवल्यात. पुसून.”

“पुसून?”

“पॉलिशनं,” मुलीने माहिती पुरवली.

कारागिराने डोळे मिटून घेतले. “आणि हे चामडी पाकीट! रात्रंदिवस यातच ठेवता ना? चामडं ओल धरतं. पोलादाला गंज चढतो. बाहेर जाताना पाकिटात ठेवावं, घरी आलं की काढावं, पुसावं, कोरड्या कपड्यात ठेवून कुलूप लावावं. बस्स. एवढीच निगा. वेडं माणूसही करू शकेल इतकी सोपी.”

“मग तुम्ही करत असाल.”

चहा आला. आत्याबाईंनी चार कप मांडले, भावाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि भाचीच्या पाठीवर हात ठेवला. “उद्या कितीला निघायचंय गं?”

“उजाडताना. पहिलीच फेरी लांबची दिलीय. मधे वस्ती नाही फारशी.”

हे वाक्य ऐकून साहेबांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. क्षणभर ते लखलखसाहेब उरले नाहीत, एक काळजीत पडलेला म्हातारा मनुष्य तेवढा उरला. कारागिरानेही मान वर केली. या पोरीला नेम धरायला त्यानेच शिकवले होते. पहिल्या दिवशी तिची गोळी निशाणाच्या मागच्या झाडालासुद्धा लागली नव्हती, आणि ती रडण्याऐवजी झाडाचे अभिनंदन करून मोकळी झाली होती. हे शस्त्र कमरेला लावून ती उद्या निर्मनुष्य रस्त्याने जाणार, आणि तिथे जर त्याची गरज पडली, तर त्या वेळी तिच्यापाशी फक्त हेच असणार. दोघांनाही हे एकाच वेळी आठवले. पण आठवण आली त्याच वेगाने गेली, कारण कारागीर दाखल्याच्या शेवटच्या ओळीपाशी पोहोचला होता, आणि ती ओळ होती शेऱ्याची.

“लिहितो,” तो म्हणाला. “‘शस्त्र वापरास योग्य. निगा अत्यंत सदोष.’”

“सदोष?” साहेबांनी कप खाली ठेवला. “माझ्या मुलीच्या कंपनीत जाणार हा कागद. तिथं लोक वाचतील. ‘अत्यंत’ काढा.”

“अत्यंतच आहे.”

“बरं, मग ‘सदोष’ काढा.”

“मग उरलं काय? ‘निगा अत्यंत’? कुणाला काय कळायचं त्यातून?”

“‘निगा अत्यंत प्रेमाने राखलेली’ असं लिहा. खरं तेच आहे.”

“प्रेमानं राखली म्हणूनच ही दशा झाली! एखाद्या आळशी माणसाच्या घरी असतं ना, तर नव्यासारखं राहिलं असतं!”

वाद आता ऐन भरात आला. ‘अत्यंत’ ऐवजी ‘काहीशी’ चालेल का, ‘काहीशी’ हा शब्द दाखल्यात शोभतो का, आणि निगा राखणाऱ्याचे नाव लिहिणे बंधनकारक आहे का, अशा एकापेक्षा एक महत्त्वाच्या मुद्द्यांवर दोन्ही पक्ष शब्दाला शब्द वाढवीत होते. त्यांच्या मधोमध, वाळूच्या पेटीशेजारी, रिव्हॉल्व्हर उघडे पडले होते आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते.

मुलगी मात्र पाहत होती. तिने आत्याकडे पाहून खूण केली. आत्याबाईंनी जुन्या सदऱ्याचा, स्वतः शिवलेला पुसण्याचा चौकोनी तुकडा तिच्या हातात दिला. मुलीने शस्त्र उचलले, काकांनी शिकवले होते तसे आधी घरे पुन्हा पाहिली, पुन्हा चाचपली. मग काकांच्या बाटलीतले साफसफाईचे द्रावण तुकड्याच्या टोकाला लावून तिने ती पांढरी रेघ पुसली. कंपनीत पहिल्याच दिवशी पॉलिश लागलेले शस्त्र घेऊन जायला तिला संकोच वाटत होता, याहून अधिक खोल हेतू तिचा नव्हता.

पांढरेपणा निघाला. रेघ निघाली नाही.

तिने पुन्हा पुसले. एक काडी तासून तिला कापूस गुंडाळला आणि त्याने रेघ कोरली. पांढरी रेघ आता काळी झाली होती. तिने काकांचे भिंग उचलले, बराच वेळ पाहिले, आणि मग करंगळीचे नख त्या रेघेवरून आडवे फिरवले. तिने ते दुसऱ्यांदा फिरवले.

“काका,” ती म्हणाली.

“थांब जरा. ‘काहीशी’ हा शब्द मी माझ्या हातानं लिहिणार नाही, दादासाहेब!”

“काका, नख अडकतंय.”

बोलता बोलता कारागीर थांबला. या दुकानात ‘नख अडकतंय’ या दोन शब्दांना जे वजन होते, ते इतर कोणत्याही वाक्याला नव्हते. हे शब्द त्यानेच तिला शिकवले होते : खाचेतला मळ फसवतो, सावली फसवते, ओरखडाही फसवतो, पण नख अडकले तर तडा समजावा. त्याने तिच्या हातून शस्त्र घेतले, दिवा ओढला आणि भिंग लावले. आजच्या दिवसात पहिल्यांदाच तो खरोखर गप्प होता.

पातळ पुलावर, नळीच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडा गेलेला होता. जुना होता. पूर्वीच्या मालकाने हलक्या शस्त्रात जोरकस गोळ्या वापरल्या असाव्यात. तड्यात पॉलिश शिरले, वाळले आणि घट्ट बसले. आणखी थोड्या गोळ्यांत तडा पुढे सरकला असता, नळी तिच्या जागेवर हलली असती, सिलिंडर अडकून बसले असते. हे नेमके कुठे झाले असते, याचा विचार कारागिराने केला नाही. तो त्याला करावा लागला नाही, त्याला तो रस्ता दिसलाच. उजाडणारा, लांबचा, मधे वस्ती नसलेला.

समोर दाखल्यावर त्याच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : ‘दोष नाही.’ खाली सहीची जागा कोरी होती. लेखणी त्याच्या बोटांतच होती, आणि सही करायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच ‘काहीशी’ या शब्दाने खाल्ला होता.

“काय झालं?” साहेबांनी विचारले. “बोला की. एरवी तर बोलायचं थांबत नाही.”

“तडा आहे.”

“कुठं?”

“जिथं तुमचं पॉलिश होतं तिथं.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, आणि या वेळी त्यात पॉलिशचा काही संबंध नव्हता. त्यांनी मुलीकडे पाहिले, तिच्या कमरेकडे पाहिले, जिथे उद्या ते शस्त्र बांधले जाणार होते. त्यांचे ओठ हलले. मनुष्य असा हादरला, की आता काही तरी खरे बोलेल अशी आशा वाटते. पण सवय ही जुनी मोलकरीण आहे, घरात आग लागली तरी ती आधी भांडी आवरते.

“म्हणजे,” साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझ्या पॉलिशमुळेच तो दिसला.”

“दिसला?” कारागीर उसळला. लाजेने मान खाली घालून बसलेल्या माणसाला कोणी काठी पुढे करावी आणि त्याने तिचा आधार न घेता तीच उगारावी, असे ते उसळणे होते. “तुमच्या पॉलिशमुळेच तो झाकला गेला! उघडा असता तर मला पहिल्या नजरेत दिसला असता!”

“काळ्यावर काळा तुम्हाला काय दिसणार होता! मी पांढरा केला म्हणून रेघ दिसली. तुम्ही ती बघितलीत. बघून लिहिलंत काय? ‘पॉलिश साचलेले’!”

“तुम्ही समोर बसून बडबडत होतात!”

“पाटी तुमची, दुकान तुमचं, भिंग तुमचं! मी कशाला बडबडू? प्रश्न तुम्ही विचारलात, ‘कशानं घासलंत?’ म्हणून!”

हे बोलणे बरोबर होते, आणि आधीचेही बरोबर होते. दोघांच्या हातात सत्याचा एकेक तुकडा होता, आणि दोघेही तो तुकडा दुसऱ्याच्या डोक्यात घालायला निघाले होते. आत्याबाईंनी उठून मधले दार पूर्ण उघडले आणि त्या चौकटीत उभ्या राहिल्या.

“ती जिवंत उभी आहे समोर,” त्या दोघांना म्हणाल्या. “दिसतेय का? का तिलाही पुसून बघायचंय?”

दुकानात शांतता झाली. पाटीला जमली नव्हती अशी शांतता. साहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी हात पुढे करून मुलीचे मनगट धरले, आणि बराच वेळ ते सोडले नाही.

“जड असतं गं ते कंपनीचं,” एवढेच ते म्हणाले.

“असू दे, बाबा. कंबर दुखली तर तेल चोळून देशील. तेल भरपूर शिल्लक असेल ना आपल्याकडे?”

साहेबांना हसू आले. ते त्यांनी खोकल्यात लपवले, आणि ते लपले नाही. कारागीर मात्र हसला नाही. त्याने छापील दाखला फाडला नाही, चुरगळलाही नाही. ‘दोष नाही’ या शब्दांवर त्याने एक सरळ रेघ मारली, खाली तारीख घातली आणि लेखणी भाचीपुढे धरली.

“आज माझा डोळा विश्वासाचा नाही,” तो म्हणाला. “तूच बघितलंस, तूच लिही. सही मी करतो.”

मुलीने खुर्ची ओढली. साहेबांनी तोंड उघडले. कारागिराने बोट उचलून त्यांना पाटी दाखवली, आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवले. मुलीने लिहिले, शाई वाळण्याची वाट पाहिली आणि दोघांना ऐकू जाईल असे वाचून दाखवले :

“सांगाड्याला आरपार तडा. वापरास अयोग्य.”